आतड्यातला कोंब

झाशीहून ग्वाल्हेरकडे किंवा कानपूरकडे आगगाडीने जाताना रुळांकडेच्या भिंतींवर ठळक अक्षरांत रंगवलेली एक जाहिरात वारंवार दिसते : ‘बवासीर का शर्तिया इलाज’. बवासीर म्हणजे आपली मूळव्याध. शौचावाटे रक्त पडले म्हणजे मूळव्याधच झाली, ही समजूत या भिंतींनी आमच्या बुंदेलखंडात चांगली रुजवली आहे. पुष्कळदा ते खरेही असते. परंतु पुष्कळदा म्हणजे नेहमी नव्हे, याचा प्रत्यय आमच्याच घरात आला.

माझे थोरले बंधू आण्णा यांची एकसष्टी नुकतीच उलटली होती. अधूनमधून रक्त पडे, तेव्हा ते सुरणाची भाजी, ताक आणि रात्री इसबगोल असा क्रम सुरू करीत. चार दिवस बरे वाटे, पुन्हा तेच. सहा महिने त्यांनी हे कोणास सांगितले नाही. वहिनींनीच ते ओळखले. येथील मराठी मंडळी गणेशोत्सवात जुन्या गणेशमंदिरात जमतात. १८४२ साली राणी लक्ष्मीबाईंचा विवाह झाला तेच हे मंदिर. तेथे मधुमेह, रक्तदाब, गुडघे यांच्या गोष्टी मोकळेपणाने निघतात. परंतु शौचाचा विषय निघाला की सगळे आरतीच्या तयारीला लागतात! असो.

डॉक्टर वयाने तरुण होते. मूळव्याध आहे हे त्यांनी मान्य केले. मात्र ती आहे म्हणून आत दुसरे काहीच नसेल, असे धरून चालता येत नाही, असेही बजावले. त्यांनी दुर्बिणीने मोठे आतडे पाहिले. डाव्या बाजूस देठावर लोंबणारा सुमारे दोन सेंटिमीटरचा एक मांसल कोंब सापडला. यालाच पॉलिप म्हणतात. तो त्याच वेळी काढून तपासणीसाठी पाठवण्यात आला. अहवालाची वाट पाहण्याचे ते आठ दिवस कसे गेले, ते वहिनींनाच ठाऊक. ‘कॅन्सर’ हा शब्द घरात कोणी उच्चारला नाही, पण ताटातले अन्न मात्र तसेच राही.

अहवालात कर्करोग नव्हता. कोंब ‘ॲडिनोमा’ जातीचा होता, म्हणजे पुढे कर्करोगाकडे वळू शकणारा. हा भेद मला महत्त्वाचा वाटतो. मोठ्या आतड्याचे आतले अस्तर दर काही दिवसांनी नवे होत असते. या सततच्या घडणीत एखाद्या ठिकाणी पेशींवरचा लगाम सुटतो आणि तेथे कोंब फुटतो. काही कोंब निरुपद्रवी असतात. ॲडिनोमांपैकीही बहुतेकांचा कर्करोग कधीच होत नाही. तथापि मोठ्या आतड्याचे बहुतेक कर्करोग अशाच एखाद्या कोंबातून उद्भवतात आणि त्यास साधारणपणे दहा वर्षे, कधी त्याहूनही अधिक काळ लागतो. कोंब एक सेंटिमीटरहून मोठा असला तर धोका वाढतो. इतकी दीर्घ पूर्वसूचना देणारे रोग फार थोडे! अडचण एवढीच, की ही सूचना बहुधा निःशब्द असते. लहान कोंब दुखत नाही आणि त्यातून सहसा दिसण्याइतके रक्तही येत नाही.

पूर्वी असा कोंब काढण्यासाठी पोट उघडावे लागे. १९६९ साली न्यूयॉर्कमध्ये विल्यम वुल्फ आणि मूळचे जपानचे हिरोमी शिन्या या शल्यविशारदांनी दुर्बिणीतून तारेचा फास आत नेला, तो कोंबाच्या देठाभोवती आवळला आणि विजेच्या प्रवाहाने देठ कापला. पुढे १९९३ साली अमेरिकेत १,४१८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कोंब काढलेल्या या लोकांत कर्करोगाचे प्रमाण अपेक्षेपेक्षा ७६ ते ९० टक्क्यांनी कमी आढळले. रोग लवकर सापडणे निराळे आणि तो होऊच न देणे निराळे. येथे दुसरी गोष्ट साधत होती.

आण्णांना तीन वर्षांनी पुन्हा तपासणीस बोलावले आहे. निघताना डॉक्टरांनी विचारले, सख्खी भावंडे किती? एवढा मोठा कोंब निघालेल्या माणसाच्या भावंडांनी आणि मुलांनी चाळिशीपासून, किंवा त्याच्या वयाहून दहा वर्षे आधी, यांपैकी जे अगोदर येईल तेव्हापासून तपासणी करून घ्यावी, असा नियम आहे. मी अठ्ठावन्न वर्षांची. धाकटी बहीण ग्वाल्हेरला असते, ती चोपन्नची.

मी तपासणी करून घेतली. खरा त्रास आदल्या दिवसाचा. घन अन्न बंद. नारळपाणी, बिनदुधाचा चहा, गाळलेले वरणाचे पाणी. मग आतडे धुऊन काढणारे ते खारट औषध लिटरच्या हिशेबाने प्यायचे. तांब्या संपता संपत नाही आणि रात्र न्हाणीघर ते खाट अशा येरझाऱ्यांत जाते. प्रत्यक्ष तपासणीच्या वेळी गुंगीचे औषध देतात. मला काही कळलेच नाही. क्वचित रक्तस्राव होतो, त्याहून क्वचित आतड्यास छिद्र पडते, हे आधी समजावून सांगतात आणि सही घेतात. माझ्या आतड्यात दोन बारीक कोंब निघाले. एक निरुपद्रवी, दुसरा लहानसा ॲडिनोमा. दोन्ही काढले. आता मला सात ते दहा वर्षांनी जायचे आहे.

सरसकट सर्वांनी दुर्बीण घालून घ्यावी, असे मी म्हणणार नाही. अमेरिकेत २०२१ पासून पंचेचाळिसाव्या वर्षीच तपासणी सुरू करण्याची शिफारस आहे. पण आपल्याकडे हा रोग तेथल्याइतका आढळत नाही, आणि तीस वर्षांवरील लोकांसाठी असलेल्या आपल्या सरकारी तपासणी कार्यक्रमात तोंड, स्तन व गर्भाशयमुख हेच कर्करोग धरले आहेत. मात्र ज्यांना रक्त पडते, शौचाची सवय कारणावाचून बदलते, रक्तक्षयाचे कारण सापडत नाही किंवा ज्यांच्या सख्ख्या नात्यात हा रोग झाला आहे, त्यांचा प्रश्न वेगळा. नुसती तपासणी म्हणून शौचातील न दिसणारे रक्त शोधण्याची सोपी चाचणीही आहे. दरवर्षी केल्यास ती उपयोगी पडते. पण डोळ्यांना रक्त दिसत असेल, तर त्या चाचणीवर विसंबून भागत नाही.

२०२२ साली नॉर्वे, पोलंड आणि स्वीडन या देशांतील एका मोठ्या अभ्यासाचा निष्कर्ष आला. दुर्बिणीच्या तपासणीचे निमंत्रण मिळालेल्यांत दहा वर्षांत हा कर्करोग १८ टक्क्यांनी कमी झाला. एवढाच, म्हणून काहींची निराशा झाली. परंतु निमंत्रितांपैकी प्रत्यक्ष गेले होते केवळ ४२ टक्के.

माझी धाकटी बहीण उरलेल्यांच्या पंक्तीतली. मी तिला आण्णांच्या अहवालाची प्रत पाठवली, फोन केला, एकदा स्वतः ग्वाल्हेरला जाऊन आले. ‘ताई, मला काही होत नाही ना, मग कशाला?’ हे तिचे उत्तर. होत नाही तेव्हाच जायचे असते, हे मी तिला तीन प्रकारांनी सांगितले. परवा मेहुण्यांचा फोन आला : ती दिवाळीनंतर पाहू म्हणते आहे. मी कार्तिकातली तारीख मागून ठेवली आहे, आणि आदल्या दिवशी तिच्याकडे मुक्कामास जाणार आहे. ते औषध एकटीने पिववत नाही.