वारा आणि आमची मोटारसायकल

आमच्या मोटारसायकलीच्या दिव्यावर जी वीतभर उंचीची काच बसविलेली आहे, तिच्याविषयीं आमच्या विद्यार्थ्यांत पुष्कळ दिवस तर्कवितर्क चालू आहेत. ती चष्म्यावर पाऊस येऊं नये म्हणून आहे, असा नववीच्या वर्गाचा अभिप्राय. दहावीच्या वर्गाचें मत असें कीं, सरांनीं चाळिशींत हौस करून घेतली. गेल्या पालकसभेच्या दिवशीं तर एका गृहस्थांनीं, "मास्तर, काच बसवलीत ती इतकी ठेंगणी कां? तोंड तर उघडेंच राहतें!" असा सरळ प्रश्न केला. त्यांस त्या गर्दींत दोन वाक्यांपलीकडे कांहीं सांगतां आलें नाहीं. यंदाच्या वार्षिकासाठीं लेख द्यावयाचाच होता. तेव्हां तें उत्तर येथें सविस्तर देत आहों.

आम्ही साताऱ्यांत राहतों, आणि आमच्या पत्नीचें माहेर सांगलीस आहे. तेथें तिच्या आईस दोन वर्षांपूर्वीं अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणें जवळजवळ बंद झालें. मुलगी आली म्हणजे त्या डाव्या हातानें तिचा हात धरून तासच्या तास बसून राहतात; तेंच आतां त्यांचें बोलणें. शनिवारीं शाळा सुटली कीं निघावें आणि रविवारीं सायंकाळीं परतावें, असा आमचा क्रम ठरला. मोटार बाळगण्याची ऐपत नाहीं, व बसच्या वेळा शाळेच्या वेळांशीं जुळत नाहींत. म्हणून ३५० सी.सी.ची ही मोटारसायकल. परंतु चार-पांच महिन्यांतच पत्नीची मान अशी धरली कीं, सोमवारीं सकाळीं तिला कुशीवर वळतां येईना. डॉक्टरांनीं तपासून सांगितलें, "ह्या मानेला जे हिसके बसतात ते थांबले पाहिजेत. ते थांबत नसतील तर प्रवास थांबवा." ती कांहीं बोलली नाहीं. त्या शनिवारीं तिनें आईसाठीं केलेल्या रव्याच्या लाडवांचा डबा तेवढा आमच्या हातीं दिला, आणि आपण दारांत उभी राहिली.

हे हिसके कोठून येतात, ह्याचा शोध घेणें आम्हांस प्राप्त झालें. विज्ञान शिकविणाऱ्या मनुष्यानें दुसरें काय करावें?

सातारा ते सांगली हें अंतर सुमारें १२० किलोमीटर. संगम माहुलीस वेण्णेला पोटांत घेऊन निघालेली कृष्णा कऱ्हाडास कोयनेला भेटते आणि पुढें सांगलीस जाते. आमचा रस्ताही साधारणपणें तिच्याच सोबतीनें जातो. उंब्रज, कऱ्हाड, मग पेठनाका, तेथून डावीकडे वळून आष्टा, आणि नंतर सांगली. महामार्गाचा भाग बहुतेक उत्तर-दक्षिण, आणि पावसाळी वारा पश्चिमेचा. म्हणजे तो वाहनास आडवा मिळतो. हा वारा कांहीं लहानसहान नव्हे. साताऱ्याच्या पश्चिमेस चाळकेवाडीच्या पठारावर आणि पाटण तालुक्यांत वनकुसवड्यास पवनचक्क्यांच्या रांगाच्या रांगा उभ्या आहेत. सांगली जिल्ह्यांत ढालगांवाकडेही तोच देखावा. जेथें वारा भरंवशाचा, तेथेंच शहाणा भांडवलवाला आपला पैसा रोवतो. आमच्या दोन्ही जिल्ह्यांस वाऱ्याचें याहून चांगलें प्रशस्तिपत्र कोणतें हवें?

पण वारा मुळींच सुटलेला नसला तरी वाहन आपला वारा आपणच निर्माण करतें. ह्या वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो, हें नववीच्या विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावें. हवेची घनता दर घनमीटरास सुमारें १.२ किलो धरली, आणि गाडीवर बसलेल्या माणसाचें वाऱ्यासमोर येणारें क्षेत्रफळ अर्धा चौरसमीटर मानलें, तर ताशीं ४० किलोमीटर वेगास अंगावर सुमारें पावणेचार किलो वजनाइतका दाब पडतो. ताशीं ८० किलोमीटरला तोच १५ किलोंच्या घरांत जातो. वेग दुप्पट, दाब चौपट. आणि त्या दाबाविरुद्ध गाडी ढकलण्यास इंजिनाची शक्ति लागते ती आठपट.

हा दाब एकसारखा असेल तर मनुष्य तो सोसतो. किंचित् पुढें झुकलें कीं तो टेकूसारखाही वाटतो. खरा त्रास फाटलेल्या वाऱ्याचा. नदीच्या प्रवाहांत खडक असला तर खडकाच्या पुढील बाजूस पाणी शांतपणें दुभागतें, पण पाठीमागें भोवरे उठतात. मोटारसायकलवर चालविणारा हा खडक, आणि मागें बसणारी व्यक्ति त्या भोवऱ्यांत. सुमारें दीड किलोचें हेल्मेट डोक्यावर घेऊन ती बसते, आणि भोवरा तें हेल्मेट एका क्षणीं डावीकडे, दुसऱ्या क्षणीं उजवीकडे ढकलतो. शंभर-सव्वाशे किलोमीटरपर्यंत हें चाललें म्हणजे मानेचें काय होईल! पुढें बसून वारा खाणाऱ्यास वाटतें कीं, आपण मागच्याचा आडोसा झालों.

मोठमोठ्या कारखान्यांनीं ह्या विषयाचा अभ्यास फार पूर्वीं केलेला आहे. जर्मनीच्या बी.एम.डब्ल्यू. कंपनीनें १९७६ सालीं आर १०० आर.एस. ही गाडी काढली. तिचें पुढील आवरण इटलींतील पिनिनफरीना ह्यांच्या वातबोगद्यांत पारखून घडविलेलें होतें. आपल्याकडे चाकणास तयार झालेल्या बजाजच्या डॉमिनार ४०० ह्या गाडीस २०२१ सालीं कंपनीनेंच उंच काच, हातांपुढें आडोसे, सामानाचें कॅरिअर व पाठीचा टेकू बसवून देण्यास प्रारंभ केला. आमच्या जुन्या गाडीस अर्थातच ह्यांतील कांहीं नव्हतें. आणि वातबोगदा तर आमच्या प्रयोगशाळेंत असणें शक्य नाहीं. तेथें एक चालू पंखा मिळाला तरी आम्ही देवाचे आभार मानतों.

तथापि वातबोगद्यांत वापरतात ती एक युक्ति अगदीं फुकट आहे. बोटभर लांबीचे लोकरीचे धागे आम्हीं पत्नीच्या हेल्मेटच्या दोन्ही बाजूंस व खांद्यांवर चिकटविले. आमचा भाचा दुसऱ्या मोटारसायकलवर बरेंच अंतर ठेवून मागून आला, आणि त्याच्या मागें बसलेल्या मित्रानें मोबाईलवर चित्रण केलें. मानेचा विचार करून हे प्रयोग उंब्रज ते कऱ्हाड एवढ्याच टप्प्यांत केले. जेथें हवा सरळ वाहते तेथें धागा अंगासरसा पडून राहतो. जेथें भोवरा आहे तेथें तो फडफडतो, प्रसंगीं उलटा पुढेंही वळतो. पहिल्या चित्रणांत पत्नीच्या हेल्मेटवरील धागे अक्षरशः नाचत होते.

मग आमच्या एका स्नेह्यानें आपली हातभर उंच काच परीक्षेसाठीं दिली. आमच्या छातीवरचा वारा पार नाहींसा झाला. घरांत बसल्यासारखें वाटूं लागलें! पण उंब्रज सोडून दहा मिनिटें होत नाहींत तोंच पाठीवर दोन थापा बसल्या. आमच्यांत ती थांबण्याची खूण आहे. मागें स्थिति पूर्वींहून वाईट होती. चित्रण पाहिल्यावर उलगडा झाला. काचेच्या पाठीमागें हवेचा दाब कमी होतो. त्यामुळें वरच्या कडेवरून आलेला वारा गडगडत खालीं कोसळतो, आणि त्याचें कोसळण्याचें ठिकाण नेमकें मागील हेल्मेट होतें. शिवाय ती मोठी काच हँडलला जोडलेली असल्यामुळें आडव्या वाऱ्याचा प्रत्येक धक्का सुकाणूंत उतरे. शिडाचें जहाज आम्हांस चालवावयाचें नव्हतें.

उलट, वीतभर उंचीची काच थोडी मागें कलती ठेवून, दिव्याच्या व तिच्यामध्यें दोन बोटें फट सोडून बसविली, तेव्हां धागे बरेचसे निजले. फटींतून वर येणारा वारा काचेमागील पोकळी भरून काढतो, आणि कडेवरून येणाऱ्या प्रवाहास कोसळूं देत नाहीं. छातीवरचा भार हलका होतो. डोक्यास मात्र स्वच्छ, न फाटलेला वारा मिळतो. म्हणून तोंड उघडें, आणि म्हणून काच ठेंगणी. पालकसभेंतील त्या गृहस्थांस हें उत्तर पोंचेल अशी आशा आहे. ज्यांस अशी काच घ्यावयाची असेल त्यांनीं ती पॉलिकार्बोनेटची घ्यावी. ती आपटली तरी धारदार तुकडे होऊन उडत नाहीं. फक्त तिला पेट्रोलच्या फडक्यानें पुसूं नये, साधें पाणी लावावें.

मानेचे सर्व हिसके वाऱ्याचेच नव्हते. कांहीं गाडीचे स्वतःचे होते. आईंचीं औषधें, धुतलेल्या चादरी, डबे, असें सर्व सामान मागच्या डिकींत भरलेलें असे. ती डिकी मागील चाकाच्या आंसाच्याही मागें आणि उंच. तराजूच्या दांडीप्रमाणें मागें भार पडला कीं पुढचें चाक हलकें होतें, आणि वेग वाढला म्हणजे गाडी शेपटी हलविल्यासारखी डुलूं लागते. डिकी काढून टाकली. सामान मागील सीटच्या दोन्ही अंगांस खालीं लटकणाऱ्या बॅगांत गेलें. मिस्त्रीनें पुढचें चाक उचलून हँडल सावकाश फिरविलें, तों मधोमध तें एका खांचेंत अडकल्यासारखें थांबे. कोनसेट झिजला होता. तो बदलला. मागील शॉकअप दोन माणसांच्या वजनास योग्य अशा खांचेवर आणले. चाकांतील हवा निघण्यापूर्वीं, चाकें थंड असतांना, गाडीच्या पुस्तकांत दोघांसाठीं दिलेल्या आंकड्याप्रमाणें भरून घेतों. ह्या शेवटच्या गोष्टीस कांहीं खर्च नाहीं, आणि तरीही ती करणारे लोक विरळा.

सीटच्या बाबतींत कुशनवाल्याशीं बराच वाद झाला. "गुरुजी, लोकांना मऊच लागतं," हें त्याचें पालुपद. दुकानांत दोन मिनिटें बसणाऱ्यास मऊ गादी खरोखर गोड वाटते. पण तासाभरानें ती पार दबते, आणि शरीराचा सगळा भार बैठकीच्या दोन हाडांवर येतो. आम्हीं घट्ट फोम घालावयास लावला, व पुढें उतरती असलेली मागची जागा सपाट करून घेतली; ब्रेक दाबला कीं पत्नी आमच्या पाठीवर घसरत असे, तें त्यामुळें थांबलें. कुशनवाल्यानें पैसे घेतले, पण त्याची संमति कांहीं मिळाली नाहीं.

डिसेंबर-जानेवारींत कधीं रविवारीं पहाटेसच परत निघावें लागतें. कॅनडा व अमेरिका ह्या देशांच्या हवामान खात्यांनीं २००१ सालीं स्वीकारलेल्या सूत्रानें पाहिलें, तर १० अंश सेल्सिअस तापमानांत ताशीं ६० किलोमीटरचा वारा लागला असतां उघड्या कातडीस सुमारें ५ अंशांसारखी थंडी वाजते. गारठलेलीं बोटें ब्रेकवर उशिरां पोंचतात. म्हणून हँडलपुढें हातांचे आडोसे व चामड्याचे हातमोजे, हा आम्ही चैनीचा भाग समजत नाहीं. कानांत मऊ बोळे घालणेंही तसेंच. आठ तासांच्या कामास ८५ डेसिबलची मर्यादा सांगतात. महामार्गाच्या वेगाला हेल्मेटमधील वाऱ्याचा गोंगाट तिच्या सहज वर जातो, आणि शीण येतो तो पुष्कळसा त्या गोंगाटाचा.

एक गोष्ट विद्यार्थ्यांच्या वडील भावांसाठीं सांगून ठेवतों. मोटार वाहन कायदा, १९८८ ह्याच्या ५२ व्या कलमान्वयें वाहनाच्या मूळ रचनेंत मनास येईल तसा फेरफार करतां येत नाहीं. सांगाड्यास वेल्डिंग करणें किंवा कर्कश नळकांडें बसविणें ह्यास आम्ही सुधारणा म्हणत नाहीं, आणि कायदाही म्हणत नाहीं. त्याच कायद्याच्या १२९ व्या कलमांत चार वर्षांवरील प्रत्येकास हेल्मेट सांगितलें आहे. शाळेच्या फाटकाशीं सकाळीं जें दृश्य दिसतें त्याविषयीं येथें अधिक लिहीत नाहीं.

एवढें सर्व करूनही कांहीं भाग बसणाऱ्यांच्या अंगींच यावा लागतो. उसाच्या हंगामांत दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर कारखान्यांकडे जात असतात. पश्चिमेचा वारा असतांना अशा ट्रॅक्टरास उजवीकडून मागें टाकतांना फारसें कांहीं होत नाहीं. पण महामार्गावरून परत येतांना, म्हणजे उत्तरेकडे तोंड असतांना, तोच वारा डावीकडून येतो. तेव्हां ट्रॉलीच्या आड क्षणभर वारा नाहींसा होतो, आणि ती संपतांच एकाएकीं अंगावर येतो. तेथें हँडल आवळून धरणारा फसतो. गुडघ्यांनीं टाकी धरावी, हात सैल ठेवावे, आणि वारा ज्या बाजूनें येतो त्या बाजूस गाडी थोडी कलूं द्यावी. मागें बसणाऱ्यानें चालविणाऱ्याच्या खांद्यावरून त्याच बाजूस पाहावें, म्हणजे अंग आपोआप त्याच्याबरोबर कलतें. पत्नीनें हें इतकें आत्मसात केलें आहे कीं, ट्रॉली संपण्यापूर्वींच तिचा भार डावीकडे आलेला आम्हांस कळतो.

तीन महिन्यांनीं डॉक्टरांनीं मान पुन्हां तपासली, व कांहीं न बोलतां गळपट्टा काढून ठेवावयास सांगितलें. पुढच्या शनिवारीं आम्ही दोघें निघालों. सांगलीस पोंचलों तेव्हां आई ओसरीवर खुर्चींत होत्या. मुलीनें हेल्मेट काढलें; त्यांनीं डाव्या हातानें तिची मान चांचपून पाहिली, आणि मग बराच वेळ आमच्या गाडीकडे पाहत राहिल्या.

आषाढांतल्या सोसाट्याला मात्र आमच्याजवळ उपाय नाहीं. पवनचक्क्यांच्या दिशेनें ढग धांवत येऊं लागले, आणि उंब्रजच्या बाजूचीं झाडें एका अंगास निजलेलीं आहेत असें कोणी येऊन सांगितलें, कीं आम्ही गाडी घरीं ठेवतों, एक तास रजा काढतों, आणि बसनें जातों. तींत खिडकीजवळची जागा कोणाची, ह्यावर आमचा वाद अजून मिटलेला नाहीं.