ठोंब्याची माती

डोंबिवली,
श्रावणातली ओली दुपार

प्रिय नंदे,

तुझा निरोप ऐकला. चार मिनिटांचा, त्यातली तीन हसण्यातच गेली. "मांजर आणतेय गं, पण तिला माती कुठली विकत घेऊ?" म्हणालीस आणि स्वतःच फिस्सकन हसलीस. हस बाई. तुझ्या आजोळी परसात चुलीच्या राखेचा ढीग असायचा, आठवतं? मनी तिथे जायची, तोंड वळवून कुठेतरी लांब बघत बसायची आणि मग दोन पंजे मारून सगळं झाकून यायची. मांजराच्या शी-शूला पैसे मोजायचे असतात हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. आता मी दहा किलोची पिशवी कडेवर घेऊन चार मजले चढते.

ठोंब्या आला तेव्हा मीही शहाणपणा केला होता. समोरच्या बांधकामावरून घमेलंभर वाळू मागून आणली. आठ दिवसांत अंथरुणात वाळू, डब्यात वाळू, ह्यांच्या चहात वाळू. शिवाय वाळू ओल धरत नाही. शू सरळ तळाशी जाऊन बसते आणि तिसऱ्या दिवशी बाल्कनीचं दार उघडलं की डोळ्यांना झोंबतं. मग ह्यांनी सूत्रं हाती घेतली. निवृत्त माणूस, वेळच वेळ. सिलिका जेलचे खडे आणले. तेच गं, नव्या पर्समध्ये पुडी निघते त्यातले. ओल आणि वास दोन्ही पितात, हे खरं. ठोंब्याने एक पाय ठेवला, झटकला. दुसरा ठेवला, झटकला. मग आमच्याकडे एकदा नीट बघून घेतलं आणि जाऊन ह्यांच्या कोल्हापुरीत उरकलं.

त्यानंतर लॅव्हेंडरच्या वासाची माती झाली. ती माणसाच्या नाकासाठी करतात, मांजराच्या नाही. ठोंब्या तिच्या कडेला उभा राहून नुसता शिंकला. मग टोफू. खायचा नव्हे, सोयाबीनचं दूध काढून उरलेल्या चोथ्याच्या शेवेसारख्या कांड्या. हलक्या, धूळ नाही, मला मनापासून आवडल्या. पण जुलैत पिशवीचं तोंड उघडं राहिलं आणि आत हिरवी बुरशी. तुमच्या एडमंटनच्या कोरड्या हवेत त्या टिकतील, इथे पावसाळ्यात पापड टिकत नाहीत तिथे टोफू काय टिकणार!

शेवटी साहेब स्थिरावले ते साध्या, बिनवासाच्या, बारीक दाण्याच्या बेंटोनाईटवर. ओल लागली की फुगते, गोळा धरते. गोळा उचलायचा, बाकीची माती कोरडी. आपल्याकडे हिचा मोठा साठा कच्छमध्ये आहे. आणि गंमत बघ, बेंटोनाईट बहुतेक ठिकाणी ज्वालामुखीच्या राखेपासून बनतं. म्हणजे फिरून आलो राखेवरच, फक्त चूल जरा मोठी.

राखेवरून आठवलं. हा सगळा धंदाच राखेमुळे सुरू झाला. १९४७चा हिवाळा, मिशिगनमधलं कॅसोपोलिस गाव. एका बाईंची वाळू थंडीने गोठली म्हणून त्यांनी मांजराला राख दिली, तर घरभर काळे पंजे. त्या शेजारच्या एड लो नावाच्या तरुणाकडे वाळू मागायला गेल्या. तो बापाच्या धंद्यात, कारखान्यात सांडलेलं तेल टिपायची माती विकायचा. त्याने तीच दिली. बाई खूश. मग याने पाच पौंडाच्या पिशव्या भरल्या, वर 'किटी लिटर' लिहिलं आणि पासष्ट सेंट किंमत लावली. दुकानदार म्हणाला, वाळू फुकट मिळते, हे कोण घेणार? ती माती कुठली, माहितेय? फुलर्स अर्थ. आपली मुलतानी! कॉलेजात गॅदरिंगच्या आदल्या रात्री आपण तोंडाला थापून भुतासारख्या बसायचो ती. गोळा धरणारं बेंटोनाईट खूप नंतर आलं.

आता तुझ्या कामाचं. आधी, मांजर जिथून आणशील तिथे विचार, ती कशात जाते. पहिले काही दिवस तेच ठेव. बदलायचं असेल तर आठ-दहा दिवस नवं थोडं थोडं मिसळत जा. दोन-अडीच इंच थर हवा. झाकणाच्या फॅन्सी डब्यावर पैसे घालवू नकोस, आत वास कोंडतो. माझं उघडं घमेलंच बरं. पिल्लू अगदी लहान असेल तर गोळा धरणारी माती नको, ती तोंडात घालतात. आणि काही झालं तरी संडासात ओतू नकोस. आमच्या खालच्या मजल्यावर प्लंबर आला होता, पुढचं विचारू नकोस.

सूनबाईला दिवस गेलेत ना, तेव्हा साफसफाई तिच्याकडे नको. मांजराच्या शीतून टोक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी येऊ शकतो. तो बाधण्याजोगा व्हायला एक ते पाच दिवस लागतात, म्हणून रोजच्या रोज उपसायचं. तुझ्या लेकाला लाव कामाला.

मी रोज सकाळी गोळे मोजते. हे मला वेड लागलंय म्हणतात. पण गेल्या महिन्यात एरवीच्या तीन लिंबांएवढ्या गोळ्यांऐवजी सुपारीएवढे सात-आठ निघाले, आणि ठोंब्या घमेल्यात बसून नुसता कुंथत होता. उचलला, तडक डॉक्टरकडे. लघवीत खडे धरत होते. बोक्यांची नळी चिंचोळी, पार तुंबली तर दोन दिवसांत जिवावर बेततं म्हणाले. आता पाणी जास्त, खाणं वेगळं, आणि गोळे पुन्हा लिंबाएवढे. तेव्हापासून हेही येऊन बघून जातात, काही न बोलता.

फोटो पाठव. नाव मात्र इंग्रजी ठेवू नकोस.

तुझी,
सुमी

ता. क. – उपसायला मी पुऱ्यांचा झारा वापरते, भोकं अगदी मापाची आहेत. आईचा आहे. गौरीच्या वेळी ती तो शोधणार. तुला फोन आला तर झाऱ्याबद्दल तुला काही माहीत नाही.