दादांची मोटार आणि मृत्यूची दरी

अमेरिकेला जाऊन आलेल्या माणसाने परतल्यावर निदान नायगाऱ्याचे तरी वर्णन केले पाहिजे, असा आमच्या आळीत संकेत आहे. मी नायगारा पाहिला नाही. चार महिने कॅलिफोर्नियात राहून माझ्या लक्षात राहिले ते एका म्हाताऱ्या मोटारीचे पोट आणि समुद्रसपाटीच्याही खाली गेलेली एक दरी. या दोहोंचा संबंध काय, असे तुम्ही विचाराल. तोच सांगायचा आहे.

मोटार आमच्या थोरल्या बंधूंची. दादा पुण्याहून लॉस एंजलिसला गेले आणि तेथलेच झाले. 1998 साली त्यांनी ही मोटार नवीकोरी घेतली आणि पुढे चोवीस वर्षे तिला पोटच्या मुलीसारखे वागवले. 2021 च्या सप्टेंबरात वहिनींना घेऊन ते ‘डेथ व्हॅली’ पाहायला निघाले होते. डोंगराच्या चढावर एंजिन नुसते गर्जू लागले आणि चाके काही पुढे जाईनात. दुसऱ्या गाडीच्या पाठीवर चढून मोटार घरी आली. गिअरबॉक्स उघडावा लागला. ‘पुढल्या वर्षी तिला कूलर बसवू आणि मग जाऊ,’ असे दादा म्हणाले. पुढल्या वर्षीच्या फेब्रुवारीत ते गेले.

पुतण्याकडे आणखी दोन मोटारी आहेत. त्यातली एक तर विजेवर चालते आणि चालताना मांजरासारखी आवाज करीत नाही. पण 2024 साली मी तेथे गेलो आणि दरीचा विषय निघाला तेव्हा वहिनी शांतपणे म्हणाल्या, “जायचे तर ह्यांच्या गाडीतून. नाहीतर राहू दे.” त्यावर घरात कोणी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी पुतण्याने गॅरेजच्या फळीवरून एक खोका खाली काढला. त्यावर दादांच्या अक्षरात मराठीत लिहिले होते : ‘गाडीसाठी. पुढच्या सप्टेंबरात.’

आत एक काळी जाळी होती. लांबून पाहिले तर घरातल्या रेडिएटरचे पिल्लू वाटावे अशी.

आता येथे थोडे यंत्रशास्त्र आले. मीही ते पुतण्याकडूनच शिकलो, तेव्हा भिण्याचे कारण नाही. आपल्याकडे पुष्कळ वर्षे मोटार म्हटली की पायाखाली क्लच आणि हाती गिअरचा दांडा हे ठरलेले होते. अमेरिकनांना हा उपद्व्याप नको होता. 1940 च्या ओल्ड्समोबिल मोटारीत जनरल मोटर्सने आपोआप गिअर बदलणारी पेटी दिली आणि हळूहळू सारा देश डावा पाय विसरला. या पेटीत एंजिनची शक्ती तेलातून पुढे जाते. दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवा आणि एकच चालू करा. त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागेल. वाऱ्याच्या जागी तेल घातले की झाला तुमचा टॉर्क कन्व्हर्टर. पण दुसरा पंखा पहिल्याच्या नेहमी थोडा मागे राहतो. सपाट रस्त्यावर वेग आला की दोघांना एकत्र जखडणारी कडी आतल्या आत लागते. चढावर वेग उतरला की ती सुटते आणि ओढाताण सुरू होते. जी शक्ती चाकांपर्यंत पोचत नाही ती तेलात उष्णता होऊन राहते.

हे तेल निवायला जाते कोठे? मोटारीच्या रेडिएटरमध्येच एक छोटी नळी असते, तीत. म्हणजे एंजिनच्या पाण्याने गिअरबॉक्सचे तेल निववायचे! पण रेडिएटरचे पाणी स्वतःच नव्वद अंशांवर असेल तर ते दुसऱ्याचा ताप काय उतरवणार? लालभडक तेल करपून तपकिरी होते, त्याला जळका वास येतो, रबरी सील कडक होतात, आतल्या चकत्या घसरू लागतात. दादांच्या मोटारीचे नेमके हेच झाले होते.

शनिवारी सकाळी शस्त्रक्रिया झाली. माझ्याकडे विजेरी धरण्याचे काम होते आणि ते मी, वहिनींच्या मते, वाईट केले. रेडिएटर आणि वातानुकूलनाची जाळी यांच्याही पुढे, जेथे समोरचा वारा थेट लागतो, तेथे पुतण्याने लोखंडी पट्ट्यांवर हा कूलर बसवला. अशा जाळ्या रेडिएटरच्या नाजूक पात्यांतून प्लॅस्टिकचे बंद ओवूनही बांधतात. पण गाडीच्या हादऱ्याने घासून घासून तेथे भोक पडते, म्हणून त्याने ते टाळले. रेडिएटरमधून बाहेर पडलेले तेल प्रथम या जाळीत जाईल आणि मग पेटीत परतेल, अशी नळ्यांची जोडणी केली. नळीसुद्धा याच तेलासाठी बनवलेली हवी. साधी पाण्याची नळी काही दिवसांत फुगून फाटते. थंड मुलखात तेल फाजील गार होऊ नये म्हणून आणखी एक झडप लावावी लागते. आम्हाला ती चिंता नव्हती. शेवटी काचेखाली तेलाचे तापमान दाखवणारे एक घड्याळ बसले. एंजिन चालू ठेवून, तेल तापल्यावर पट्टीने पातळी पाहिली, थोडे तेल वाढवले आणि पुतण्याने हात पुसले. “काका, बाबांनी कंपनी चांगली निवडली होती,” एवढेच तो म्हणाला.

पहाटे तीनला आम्ही निघालो. उजाडता मोहावे गाव लागले. या गावाशी दरीचे जुने नाते आहे. 1883 ते 1889 या काळात दरीतला टाकणखार अठरा खेचरे आणि दोन घोडे जुंपलेल्या गाड्यांतून येथवर आणीत. वाट 165 मैलांची, म्हणून मालाच्या दोन गाड्यांमागे बाराशे गॅलन पाण्याचे लोखंडी पिंप जोडलेले असे. पुतण्याला मी हे सांगितले तेव्हा त्याने मागे डिकीकडे अंगठा दाखवला. तेथे पाण्याचे आठ कॅन होते. वहिनींनी त्याशिवाय दशम्या आणि लिंबाचे लोणचे घेतले होते. खेचरांच्या मालकांना ही सोय नव्हती.

ट्रोनाचे खारट, पांढरे पठार मागे टाकून आम्ही पॅनामिंट खोऱ्यात उतरलो आणि समोर तो चढ उभा राहिला. टाउन पास. खिंडीची उंची जवळजवळ पाच हजार फूट आणि खोऱ्याच्या तळापासून रस्ता सरळ वर. आपल्या घाटासारखी वळणे नाहीत, झाडी नाही, माकडे नाहीत. उघड्या डोंगरावर फेकलेली एक काळी फीत. मोटारी तापू नयेत म्हणून वातानुकूलन बंद करा, अशा पाट्या या मुलखात रस्त्याकडेला आहेत. आम्ही ते बंद केले, काचा उघडल्या आणि भट्टीचे दार उघडावे तसा वारा आत आला. पुतण्याने ओव्हरड्राइव्ह बंद केला, म्हणजे मोटार खालच्या गिअरमध्येच राहील आणि पंख्यांची ओढाताण कमी होईल.

घड्याळात पंच्याऐंशी. मग नव्वद. मग ब्याण्णव. कोणी बोलेना. एका ठिकाणी रस्त्याला थोडी रुंद कड होती. वहिनी म्हणाल्या, “येथेच.” पुतण्याने मान हलवली, पण मोटार थांबवली नाही. काटा पंच्याण्णवावर जाऊन तेथेच रेंगाळला आणि आम्ही खिंडीत पोचलो.

माथ्यावर उतरल्यावर वहिनींनी पर्समधून एक रुपयाचे नाणे काढले. जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने खंडाळ्याचा घाट चढलेल्यांना शिंग्रोबा ठाऊक आहे. लहानपणी आमच्या टॅक्सीचा ड्रायव्हर झाकण उघडून वाफाळत्या रेडिएटरला पाणी पाजी आणि देवळापाशी नाणे टाकल्याशिवाय पुढे जात नसे. वहिनी नाणे टाकणार तोच पुतण्या म्हणाला, “आई, हे राष्ट्रीय उद्यान आहे. काही टाकले तर दंड होईल.” वहिनींनी क्षणभर विचार केला आणि नाणे मोटारीच्या राखदाणीत ठेवले. मोटार जुनी, म्हणून तिला राखदाणी होती. दादांनी आयुष्यात विडी ओढली नाही, त्यामुळे ती स्वच्छ होती.

दरीचे वर्णन मी थोडक्यात करतो, कारण ते करणे मला जमत नाही. बॅडवॉटर येथे आपण समुद्रसपाटीच्या 282 फूट खाली उभे असतो आणि मागच्या कड्यावर, मान मोडेल इतक्या उंचीवर, समुद्रसपाटी दाखवणारी पाटी आहे. पायाखाली मैलोगणती मीठ. 2023 च्या ऑगस्टातल्या वादळाने येथे तळे साचले होते आणि पुढच्या फेब्रुवारीत लोक त्यात होड्या वल्हवीत होते. आम्ही गेलो तेव्हा पुन्हा मीठच मीठ. जवळच्या फर्नेस क्रीकला 10 जुलै 1913 रोजी 56.7 अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. आमच्या वाट्याला त्रेचाळीसच आले आणि मला ते पुरले. वहिनी मिठावर बऱ्याच पुढेपर्यंत एकट्या चालत गेल्या. आम्ही दोघे मागे थांबलो. परत आल्या तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. “ऊन फार आहे,” असे त्या म्हणाल्या, आणि ते खरेही होते.

खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी होती. स्टोव्हपाइप वेल्स जवळजवळ समुद्रसपाटीवर. तेथून त्याच खिंडीपर्यंत सतरा मैल एकसारखा चढ. पहाटेच निघायचे ठरले होते, पण वहिनींनी झॅब्रिस्की पॉइंटचा सूर्योदय पाहायचा हट्ट धरला. तेथल्या पिवळ्या मातीच्या सुरकुत्यांवर ऊन कसे उतरते हे पाहण्यात आणि मग न्याहारीत वेळ गेला. चढाला लागलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. एका चकाकत्या नव्या मोटारीतले गृहस्थ रस्त्याकडेला झाकण उघडून उभे होते. आम्ही थांबून त्यांना दोन कॅन पाणी दिले. आमच्या मोटारीच्या वयाकडे पाहून ते हसले. पण हसणे नम्र होते.

घड्याळ सत्त्याण्णवापर्यंत गेले. तेव्हा पुतण्याने मोटार बाजूला घेतली, गिअर काढून एंजिन तसेच हळू चालू ठेवले. तेल जाळीतून फिरत राहिले. दहा मिनिटांत काटा अठ्ठ्याऐंशीवर आला. वहिनींनी तेवढ्यात दशम्या वाढल्या.

रात्री घरी पोचल्यावर पुतण्याने मोटारीखाली एक पांढरा पुठ्ठा सरकवून ठेवला. सकाळी त्यावर नाण्याएवढा एक लाल ठिपका होता. एका क्लॅम्पचा स्क्रू अर्धा फेरा आवळावा लागला. त्यानंतरचे चार दिवस मी रोज सकाळी चहाआधी तो पुठ्ठा पाहून येत असे. तो कोरडा होता. राखदाणीतला रुपया कोणी काढला नाही.