जिंतूरचा लाल बर्फ

मे महिन्यात परभणीहून जिंतूरला एस.टी.नं गेलात, तर खिडकीची जागा पकडू नका बरं का! त्या ४०-४५ किलोमीटरच्या वाटेवर खिडकीतून वारा येतच नाही, नुसत्या झळा येतात.

जिंतुरात फिरायचं ते भल्या पहाटे. गावापासून ३ किलोमीटरवर नेमगिरीच्या डोंगरात जैन लेणी आहेत. तिथली पार्श्वनाथांची भलीमोठी मूर्ती एवढ्याशा दगडावर टेकलेली दिसते. वाकून नक्की पाहा! आम्ही पाहून परतलो, तेव्हा नऊच वाजले होते, पण डोकं तापलं होतं.

रस्त्यात गोळ्याची गाडी दिसली. मावसभाऊ थबकला, नि मुकाट्यानं पुढे चालू लागला. मागच्या उन्हाळ्यात त्याला कावीळ झाली होती. बर्फाची लादी कुठल्या पाण्याची, ते कुणाला ठाऊक? न खाण्याच्या बर्फात निळा रंग घालायचा, असा नियम २०१८ मध्ये झाला खरा. पण वरून लालभडक सरबत ओतल्यावर निळं काय डोंबल दिसणार!

मग ठरलं, गोळा घरीच करायचा. इटलीतल्या सिसिली बेटावर असा फळांच्या रसाचा बर्फ करतात. त्याला म्हणतात ग्रानिता. पूर्वी तिथं एटना डोंगरावरचं बर्फ साठवून वापरायचे. आम्हाला कुठला एटना? आमचा आपला मावशीचा फ्रीज!

कलिंगडाला इकडे टरबूज म्हणतात. त्याच्या बिया काढून गर मिक्सरमधून फिरवला नि गाळला. चार वाट्या रसात अर्धी वाटी साखर नि एक लिंबू घालून पसरट डब्यात ओतला, डबा बर्फाच्या खणात. तासाभरानं कडा गोठल्या की काट्या-चमच्यानं खरवडायचं. मग दर अर्ध्या तासानं तेच. न खरवडता ठेवलंत तर वीट होईल! त्याचं असं होतं, की रसातलं पाणी आधी गोठतं आणि साखर उरलेल्या रसात जमते. तो गोड रस गोठायला शून्याहून जास्त थंडी लागते. खरवडत राहिलं की बर्फाचे बारीक कण होतात नि मध्ये रस राहतो. साखर मात्र जास्त झाली, तर नुसता पातळ काला.

दुसऱ्यांदा खरवडलं आणि लाईट गेली! मावसभाऊ सारखा फ्रीजकडे धावायचा.

"उघडू नको रे, गारवा जाईल!" मावशी ओरडली.

तासाभरानं लाईट आली. डब्यात निम्मं पाणी झालं होतं. पुन्हा गोठवलं, पुन्हा खरवडलं. रात्री दहाला गच्चीवर वाट्या आल्या. मावसभावानं तीन वाट्या संपवल्या, मग आरशात जीभ पाहून आला.

"लाल झालीच नाही की!" एवढीच त्याची तक्रार.