माप नक्की कुणाचं चुकतंय?

माझ्या कपाटात सध्या सात कुर्ते आहेत. दोन कुर्त्यांवर 'एम' लिहिलंय, दोनांवर 'एल', एकावर 'एक्सएल', एकावर नुसताच ४० हा आकडा आणि एकावर चक्क 'थ्री एक्सएल'. गंमत म्हणजे सातही मला नीट बसतात. म्हणजे मी एकाच वेळी मध्यम, मोठी, जास्त मोठी आणि अवाढव्य अशी सगळी आहे!

मास्तरकीची सवय काही सुटत नाही. एका दुपारी टेप आणि वही घेऊन बसले आणि सातही कुर्ते पलंगावर पसरून छातीत मोजले. सर्वांत लहान निघाला साडेचाळीस इंच, सर्वांत मोठा बेचाळीस. फरक अवघा दीड इंचाचा. लेबलं मात्र 'एम'पासून 'थ्री एक्सएल'पर्यंत, म्हणजे चार पायऱ्या. एक पायरी दोन इंचांची धरली तर आठ इंचांचा फरक पडायला हवा होता. आणि सर्वांत लहान, साडेचाळीस इंचांचा कुर्ता कोणता असेल? 'थ्री एक्सएल'वालाच!

चाळीसेक वर्षं मी साडीच नेसले. पुढे उजवा खांदा धरला, निऱ्या खोचणं आणि पदर खांद्यावर घेऊन पिन लावणं जमेना, तेव्हा सूनबाईने आग्रहाने कुर्ते घ्यायला लावले. तोवर तयार कपड्यांच्या मापाशी माझा संबंध आला तो मुलांच्या गणवेशापुरता. साडीला माप असतं ते तिचं स्वतःचं, पाचवारी नाहीतर नऊवारी. नेसणारीचं माप ती विचारत नाही. अंगाने बारीक असाल तर दोन निऱ्या जास्त पडतात, बाळंतपणानंतर अंग सुटलं की दोन कमी. तेवढ्यावर भागतं. वाढलेल्या अंगाची जाहीर वाच्यता साडीने कधी केली नाही.

माप लागायचं ते ब्लाउजला, आणि त्यासाठी शिंपी होता. आमच्या गावचे शिंपीकाका छाती, कंबर, खांदा, बाही, मुंढा, गळा असं सगळं एका जाडजूड वहीत लिहून ठेवत आणि त्या पानाला कापडाचा छोटा तुकडा टाचत. पण बहुतेक बायका टेप लावून घ्यायच्याच नाहीत. नीट बसणारा एक जुना ब्लाउज त्यांच्या हातात ठेवायच्या. तो 'मापाचा ब्लाउज'. शिवताना काका आत जादा कापड सोडत. त्याला 'माया' म्हणतात. किती सुंदर शब्द आहे पाहा. अंग वाढलं की एक शिवण उसवायची, माया मोकळी करायची, ब्लाउज पुन्हा अंगाला येतो. आजच्या बहुतेक तयार कुर्त्यांत ही माया नसते. ओव्हरलॉकच्या मशीनवर कड कापत कापतच शिवण मारतात. कापड वाचतं, पण घट्ट झालेला कुर्ता सैल करायला आत काही उरत नाही.

हे सगळं माझ्या वयाला गमतीचं वाटतं. 'थ्री एक्सएल' म्हणा नाहीतर 'टेन एक्सएल', माझं काही बिघडत नाही. पण घरात अकरावीतली नात आहे, तिचं तसं नाही.

मागच्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. मैत्रिणींबरोबर खरेदीला गेली होती ती आली आणि पिशवी कोपऱ्यात टाकून खोलीत जाऊन बसली. रात्री जेवायला आली नाही. दुसऱ्या दिवशी डब्यातली पोळी तशीच परत. तिसऱ्या दिवशी मी जवळ बसून विचारलं, तेव्हा म्हणाली, "आजी, मी डबल एक्सएल झालेय."

"कुणी सांगितलं?"

"दुकानातल्या ताईने. एल चढेना म्हणून मी दुसरा मागितला, तर सगळ्यांसमोर ओरडली, 'मॅडमना डबल एक्सएल दाखव रे.' सगळ्या मैत्रिणी तिथेच होत्या."

मी टेप आणला. म्हटलं, "तुझा तो निळा टॉप काढ, उन्हाळ्यात घेतलेला." त्यावर लेबल होतं 'एल'. तो मोजला, छातीत एकोणचाळीस इंच. मग कोपऱ्यातली पिशवी उघडून नवा 'डबल एक्सएल' मोजला. साडेअडतीस! नवा टॉप जुन्यापेक्षा अर्धा इंच लहानच होता. आणि निळा टॉप तिला अजूनही पहिल्यासारखाच बसत होता. पोरीने दोन दिवस जेवण सोडलं होतं ते कापडावर शिवलेल्या दोन इंग्रजी अक्षरांपायी.

मी तिला माझ्या भाषेत समजावलं. बोर्डाचे पेपर तपासायला मी बरीच वर्षं जात असे. समजा, एकच उत्तरपत्रिका एका परीक्षकाने तपासली आणि ७२ गुण दिले, दुसऱ्याने ३८ दिले, तर आपण काय म्हणू? मुलाला दोन दिवसांत अक्कल आली आणि गेली असं म्हणू का? परीक्षकांच्या मोजपट्ट्या जुळत नाहीत म्हणू. म्हणूनच तर नमुना उत्तरं देतात आणि वर मॉडरेटर नेमतात. तयार कपड्यांच्या बाजारात प्रत्येक जण स्वतःच परीक्षक आहे आणि मॉडरेटर कुणीच नाही.

तिला ते लगेच पटलं असं नाही. "पण आजी, बाकीच्यांना एल बसतोच ना," म्हणाली. त्या रात्री मात्र अर्धी पोळी आणि वरण-भात खाल्ला.

मग मी या विषयाच्या मागेच लागले. हे असं का होतं याची माहिती जमवली, ती तुम्हालाही सांगते.

पहिली गोष्ट, 'एम' या अक्षरात एकही इंच नाही. इंच, सेंटिमीटर हे करार आहेत. तुमचा इंच आणि माझा इंच एकच. पण 'मध्यम' म्हणजे अमुक इतके इंच, असं साऱ्या कपडेवाल्यांना बांधून ठेवणारं काही नाही. प्रत्येक कंपनी आपलं गिऱ्हाईक डोळ्यांसमोर आणते आणि तिच्या मध्याला 'मध्यम' म्हणते. कॉलेजच्या मुलींसाठी शिवणाऱ्याचा मध्य वेगळा आणि चाळिशीतल्या बायकांसाठी शिवणाऱ्याचा वेगळा.

दुसरी गोष्ट, आकडा लिहिला तरी तो कशाचा ते कळत नाही. ४० म्हणजे माझी छाती ४० की कुर्त्याची? हात वर करता यावा, श्वास घेता यावा म्हणून कुर्ता अंगापेक्षा दोन-चार इंच सैल शिवावा लागतो. कुणी अंगाचं माप छापतो, कुणी कपड्याचं.

तिसरी, कंपनी एका मापाचा नमुना आधी बेतते आणि बाकीची मापं त्यावरून ठरावीक हिशेबाने वाढवत-घटवत नेते. बायका मात्र अशा हिशेबाने वाढत नाहीत. माझी कंबर पन्नाशीत सुटली, खांदे होते तेवढेच राहिले. त्यामुळे मोठा कुर्ता पोटावर नीट बसतो आणि त्याचा खांदा दंडावर ओघळतो. शिवाय कारखान्यात कापडाचे कित्येक थर एकावर एक ठेवून एकदम कापतात, त्यात थोडं इकडचं तिकडे होतं. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं ते आणखी वेगळंच.

चौथं कारण खुशामतीचं. बाईला लहान माप बसलं की ती खूश होते आणि घेऊन टाकते, हे व्यापाऱ्यांनी केव्हाच ओळखलं. म्हणून कपडा तोच ठेवून लेबल लहान करत जायचं. इंग्रजीत याला 'व्हॅनिटी सायझिंग' असं नावच आहे. बायकांच्या हौसेला नावं ठेवणारा हा शब्द मला मुळीच आवडत नाही. लेबलं बदलणार ते, आणि मिरवण्याची हौस म्हणे आमची!

अमेरिकेत हा घोळ निस्तरायचा एक मोठा प्रयत्न झाला होता. १९३९-४० साली तिथल्या कृषी खात्याच्या गृहविज्ञान विभागाने रूथ ओ'ब्रायन यांच्या देखरेखीखाली सुमारे १५ हजार बायकांची मापं घेतली, एकेकीची ५९ ठिकाणची. १९४१ साली त्याचा अहवाल निघाला. पुढे १९५८ साली तयार कपड्यांच्या मापांचं सरकारी प्रमाण आलं. पण ते पाळायची सक्ती नव्हती. व्यापाऱ्यांनी आपापली मापं चालूच ठेवली आणि १९८३ साली ते प्रमाण मागे घेतलं गेलं. त्या मोजणीत आणखी एक ग्यानबाची मेख होती. निष्कर्षांसाठी फक्त गोऱ्या बायकांची मापं धरली होती.

आपल्याकडे २०१८ साली वस्त्रोद्योग मंत्रालय आणि 'निफ्ट' यांचा 'इंडिया साइज' हा प्रकल्प जाहीर झाला. इथले कपडेवाले परदेशी तक्त्यांत थोडे फेरफार करून मापं ठरवतात आणि ती आपल्या अंगाला येत नाहीत, हे त्यामागचं कारण. कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली, हैदराबाद, बेंगळुरू आणि शिलाँग या सहा शहरांत २५ हजार लोकांची मापं स्कॅनरने घ्यायची, असं ठरलं. वाचून बरं वाटलं. पण वयाची अट पाहिली, १५ ते ६५. म्हणजे अमेरिकेत मी रंगामुळे बाद झाले असते आणि इथे वयामुळे! सत्तरीच्या बाईची पाठ थोडी वाकते, कुर्ता मागून वर उचलला जातो आणि पुढे लोंबतो. आम्हीही कपडे घालतो हो, आणि पैसे देऊनच घेतो.

माप सर्वत्र एक ठेवणं अशक्य आहे, असं कुणी म्हणेल तर त्याला बांगड्यांच्या दुकानात पाठवा. सव्वादोनच्या बांगड्या म्हणजे आतून सव्वादोन इंच. बाजारात तिलाच 'दोन-चार' म्हणतात, म्हणजे दोन इंच आणि वर इंचाचे सोळांश चार. 'दोन-आठ' म्हणजे अडीच. पुण्यात घ्या, कोल्हापुरात घ्या नाहीतर जयपूरला जाऊन घ्या, हिशेब हाच. नातीला तिचं बांगडीचं माप पाठ आहे आणि ते सांगताना ती लाजत नाही. कारण तो आकडा फक्त इंच सांगतो. तू जाड की बारीक, चांगली की वाईट, असं काही म्हणत नाही.

म्हणून मला हवंय ते फार थोडं आहे. लेबलावर अक्षर काहीही लिहा, पण शेजारी छाती, कंबर आणि सीट ही तीन मापं लिहा आणि ती अंगाची आहेत की कपड्याची ते सांगा. २०२२ साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने सुट्या विकल्या जाणाऱ्या तयार कपड्यांवरच्या माहितीचे नियम सैल केले, तेव्हाही एस, एम, एल या खुणांबरोबर सेंटिमीटर किंवा मीटरमध्ये माप देणं कायम ठेवलं. तेव्हा बायांनो, अक्षर सोडा, तो बारीक आकडा वाचा. आकडा नसेल तर दुकानदाराला विचारा. दहा जणींनी विचारलं की अकराव्या वेळी तो स्वतःहून सांगेल.

आणि तोवर आपली जुनी युक्ती आहेच. नीट बसणारा एक कुर्ता 'मापाचा कुर्ता' म्हणून ठरवून टाका. तो जमिनीवर सपाट पसरून काखेखाली आडवा मोजा आणि दुप्पट करा. कंबर, सीट, खांदा आणि उंचीही मोजा. हे आकडे पर्समध्ये ठेवा आणि सोबत टेप ठेवा. दुकानात कुर्ता अंगाला लावण्याआधी काउंटरवर पसरून मोजा. विक्रेती मुलगी तोंडाकडे पाहते, पाहू दे. त्या ट्रायल रूममधल्या निम्म्या फेऱ्या वाचतात.

नातीने तिचे आकडे मोबाइलमध्ये लिहून ठेवलेत. मी तिला शेजारी तारीख घालायला सांगितली. मापं बदलतात, दर वर्षी नव्याने घ्यावी लागतात. शिंपीकाकांच्या वहीतही प्रत्येक मापाखाली तारीख असायची.