पत्त्यांतील प्रश्नचिन्ह

संगणकाच्या पडद्यावर एखादें संकेतस्थळ उघडलें म्हणजे आपली दृष्टि मजकुराकडे जाते. माथ्यावरच्या चिंचोळ्या पट्टींत उमटलेल्या पत्त्याकडे क्वचितच कोणी पाहतो. पाहिलें तर तेथें पुष्कळदां मध्येंच एक प्रश्नचिन्ह दिसतें आणि त्याच्यापुढें 'अमुक=तमुक' अशा जोड्यांची लांबच लांब माळ. चिन्हाच्या अलीकडे कोणाकडे जावयाचें तें लिहिलेलें असतें, पलीकडे काय विचारावयाचें तें. मी वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक, संगणकशास्त्राचा नव्हे. तरी गेलीं कांहीं वर्षें ह्या चिन्हानें माझ्या मनास जो चाळा लावला आहे, तो वाचकांपुढें मांडावासा वाटतो.

आमच्या पिढीस जिल्ह्याची माहिती मिळे ती छापील अहवालांतून. आणि अहवालांतील कोष्टक म्हणजे दुसऱ्या कोणाच्या तरी प्रश्नाचें उत्तर. कोणत्या वनविभागांत किती लांकूड निघालें हें विचारणारा अधिकारी पूर्वीं होऊन गेला, म्हणून तें कोष्टक तयार. मार्च महिन्यांत कोठें कोठें मोह फुललेला दिसला हें विचारणारा झाला नाहीं, म्हणून तेथें अहवाल मुका. १९७० सालीं एडगर कॉड ह्यांनीं एक निबंध लिहून असें सुचविलें कीं, माहिती साध्या कोष्टकांत ठेवावी, आणि ती आंत कशी रचली आहे ह्याची चिंता न करितां विचारणाऱ्यास हवा तो प्रश्न करतां यावा. १९७४ सालीं चेंबरलिन व बॉइस ह्यांनीं त्या विचारास अनुरूप अशी प्रश्नभाषा प्रसिद्ध केली; तिचेंच आजचें रूप एसक्यूएल. परंतु ही भाषा कोठाराच्या आंत शिरलेल्यांची. बाहेरच्या माणसास किल्ली कोण देणार?

आमच्या चंद्रपूरच्या गोंडकालीन परकोटास जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा व बिनबा असे चार दरवाजे आहेत, आणि त्यांखेरीज पांच खिडक्या. एपीआय म्हणून ज्यास म्हणतात ती डेटाबेसच्या तटाला पाडलेली अशी खिडकीच होय. प्रश्नचिन्हापुढील मजकूर आंतला कारकून वाचतो, त्यावरून स्वतः एसक्यूएलचें वाक्य रचितो, आणि उत्तर बाहेर देतो. वाक्य मात्र त्यानेंच रचावयाचें. बाहेरून आलेला शब्द आधींच राखून ठेविलेल्या रिकाम्या जागीं केवळ किंमत म्हणून बसवावयाचा. जो कारकून आळसानें बाहेरचा मजकूर जसाच्या तसा आपल्या वाक्यांत चिकटवितो, त्याच्याकडे एखादा लुच्चा महिन्याच्या जागीं 'सगळी वही फाडून टाक' अशी आज्ञाच धाडतो, आणि ती पाळलीही जाते! आमच्या पांच खिडक्यांपैकीं एकीचें नांव 'चोर खिडकी' आहे, हें अशा कारकुनांस कोणीं तरी सांगावयास हवें.

माझा स्वतःचा परिचय आहे तो जीबीआयएफ ह्या जैवविविधतेच्या जागतिक नोंदकोठाराशीं. तें २००१ सालीं स्थापन झालें; त्याचें कार्यालय कोपनहेगन येथें आहे. देशोदेशींचीं संग्रहालयें, वनस्पतिसंग्रह आणि हौशी निरीक्षक ह्यांच्या नोंदी तेथें एकत्र येतात. पत्त्यांत 'कंट्री=आयएन' लिहिलें कीं भारत; 'मंथ=३' लिहिलें कीं मार्च; 'इयर=१९८३,२०२३' असा मध्यें स्वल्पविराम घातला कीं ह्या वर्षापासून त्या वर्षापर्यंत. (यंत्रास अर्थात् हें रोमन लिपींत हवें असतें.) निरनिराळे पॅरामीटर जोडीत गेलें म्हणजे अटी एकीवर एक चढतात, एकच पॅरामीटर दोनदां लिहिला तर मात्र 'हा किंवा तो' असा अर्थ होतो. थोडे धातु व थोडे प्रत्यय घेऊन भाषा जशीं अगणित वाक्यें करिते, तशाच ह्या दहापांच जोड्या. मार्च-एप्रिलांतील मोहाचा प्रश्न कोपनहेगनला कोणीं आधीं योजून ठेविलेला नव्हता. तरी तो येथून विचारतां येतो. उत्तर मात्र एका वेळीं तीनशें नोंदींचेंच. पुढच्या हव्या असतील तर 'ऑफसेट' वाढवून पुन्हां दार ठोठवावें.

देवनागरीचे हाल येथेंही चुकलेले नाहींत. पत्त्यांत 'मोह' लिहिलें तर प्रवासांत त्या इवल्या शब्दाचीं टक्केवारीच्या चिन्हांनीं भरलेलीं सत्तावीस अक्षरें होतात, 'चंद्रपूर'चीं बहात्तर. अर्थ बिघडत नाहीं, हेंच नशीब.

भामरागडकडील एका गांवची एक विद्यार्थिनी आमच्याकडे पदवीच्या शेवटच्या वर्षास होती. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणें प्रत्येक स्थानिक संस्थेच्या समितीनें लोक जैवविविधता नोंदवही तयार करावयाची असते. तिच्या गांवीं तें काम चाललें होतें, आणि आपल्या भागाविषयीं पूर्वीं कोणीं काय लिहून ठेविलें आहे हें तिला हवें होतें. तिनें प्रथम 'गडचिरोली' ह्या नांवानें विचारलें. फारसें कांहीं आलें नाहीं. येणार कसें? गडचिरोली जिल्हाच मुळीं २६ ऑगस्ट १९८२ रोजीं चंद्रपुरांतून वेगळा निघाला. आणि चंद्रपुरास तरी १९६४ च्या सुमारापर्यंत 'चांदा' म्हणत. जुन्या वनस्पतिसंग्रहांतील चिठ्ठ्यांवर चांदाच असावयाचें. तेव्हां नांवाचा नाद सोडून अक्षांश १९ ते २० व रेखांश ८० ते ८१ अशी चौकट घालून तिनें विचारलें. ह्या चौकटींत इंद्रावतीपलीकडील छत्तीसगडचाही मुलूख येतो. येऊं द्या, राज्याची सीमा झाडांना कोठें ठाऊक आहे! खरी अडचण निराळीच. जुन्या चिठ्ठ्यांवर पुष्कळदां अक्षांश-रेखांश नसतातच. त्या चौकटीच्या प्रश्नांतून निसटतात. 'नांव चांदा, किंवा चौकटीच्या आंत' असें एका दमांत म्हणावें, तर निरनिराळ्या पॅरामीटरांमध्यें 'किंवा' नाहीं, 'आणि'च आहे. म्हणून दोन प्रश्न निरनिराळे विचारून, दोन्ही उत्तरें हातानें मिसळून, दुबार नोंदी तिनें काढून टाकिल्या. तीन दिवस लागले.

मग तिनें चौकट आंवळून आपल्या गांवाभोंवतीं आणिली, मोह व मार्च ह्या अटी घातल्या, आणि उत्तर आलें : शून्य.

"सर, म्हणजे आमच्याकडे मोह नाहीं?" तिनें विचारलें. तिच्या घरच्या अंगणांत त्या वेळीं मोहाचीं फुलें वाळत पडलेलीं होतीं.

ह्या शून्याची मला भीति वाटते. ताडोबास १९५५ पासून राष्ट्रीय उद्यान आहे, १९९५ पासून व्याघ्रप्रकल्प. तेथें कॅमेरे घेऊन येणाऱ्यांची रीघ लागलेली असते. भामरागडच्या रानांत नोंद करणारा किती येतो? कोठारांतील नकाशा हा वनस्पतींचा जितका, तितकाच रस्त्यांचा व विश्रामगृहांचाही असतो. 'नाहीं' आणि 'कोणीं पाहिलें नाहीं' हीं दोन्ही उत्तरें खिडकींतून एकाच अंकानें बाहेर येतात. उद्यां एखाद्या प्रकल्पाच्या पर्यावरणविषयक अहवालांत तो अंक चिकटवून कोणी मोकळा झाला, तर त्या अंगणानें दाद कोठें मागावी? उलट प्रकारही घडतो. पुष्कळ सेवा अनोळखी पॅरामीटर मुकाट्यानें गाळतात. तालुक्याच्या अटीचें स्पेलिंग चुकलें तर अट गळून सबंध देशाच्या नोंदी हातांत येतात, आणि घेणारा त्या आपल्या तालुक्याच्या समजतो. 'हा शब्द मला कळला नाहीं' एवढें म्हणण्याचें सौजन्य ज्या सेवेस नाहीं, तिच्या उदारपणाचें मला कौतुक वाटत नाहीं.

त्या मुलीनें अर्थात् शून्य भरून काढण्याचें मनांत घेतलें. झाडांचीं स्थानें, तारखा, छायाचित्रें सर्व सिद्ध केलें. ग्रामसभेंत मात्र एका म्हाताऱ्यानें विचारलें कीं, हें वाचणार कोण? तिनें खरें तें सांगितलें : कोणीही. जी चौकट तिनें घातली तीच कंदमुळांचा व्यापारी घालूं शकेल, घरट्याच्या शोधांत असलेला शिकारीही घालूं शकेल. खिडकी माणूस पाहून उघडत नाहीं. आयनॅचरलिस्टसारख्या नोंदस्थळावर संकटग्रस्त जातींचें नेमकें ठिकाण लपवून ०.२ अंशांच्या मोठ्या चौकटींत कोठें तरी दाखवितात, हें मीं तिला सांगितलें होतें, तें तिनें सभेस समजावून दिलें. पण जात संकटग्रस्त ठरविणारी यादी दुसऱ्याची. गांवाला जपावयाच्या वस्तु त्या यादींत असतीलच असें नाहीं.

दोन बैठका झाल्या. मोहाच्या नोंदी नेमक्या अक्षांश-रेखांशांसह धाडावयाच्या असें ठरलें, आणि त्या गेल्याही. गिधाडांच्या घरट्यांचें व दोन कंदांचें पान तिनें गांवच्या नोंदवहींतच ठेविलें.