मँचेस्टरचा जुना मालधक्का

इंग्लंडमधील मँचेस्टर शहरात लिव्हरपूल रोड स्थानकाच्या आवारात विटांची एक लांबलचक वखार उभी आहे. लिव्हरपूल ते मँचेस्टर लोहमार्ग १५ सप्टेंबर १८३० रोजी सुरू झाला. त्याच वर्षी ती बांधली गेली. आज उभ्या असलेल्या रेल्वेच्या वखारींत ती जगातील सर्वांत जुनी मानली जाते.

तिची रचना व्यापाऱ्याच्या नजरेत भरावी अशीच आहे. लोहमार्ग रस्त्यापेक्षा एक मजला उंचावर असल्याने मालडबे फिरत्या चकतीवर वळवून थेट वरच्या मजल्यात नेत. तेथे माल उतरवून साठवीत आणि मागणीप्रमाणे तळमजल्याच्या दारांतून घोडागाड्यांत भरून धाडीत.

सुमारे ५० किलोमीटरवरील लिव्हरपूल बंदरातून येणाऱ्या मालात कापसाच्या गाठी असत. तो कापूस बहुतांशी अमेरिकेच्या दक्षिण भागात गुलामांनी वेचलेला असे. गाठीचे वजन व प्रत वहीत चढे. वेचणाऱ्या हातांची नोंद त्या वहीत होत नसे.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि गाठी येईनाशा झाल्या. लँकेशायरमधील गिरण्या बंद पडल्या, कामगारांच्या घरी उपासमार आली. तरीही ३१ डिसेंबर १८६२ रोजी मँचेस्टरच्या कामगारांनी सभा भरवून गुलामगिरीविरुद्धच्या लढ्यास पाठिंबा देणारे पत्र अध्यक्ष लिंकन यांना पाठविले. पुढच्याच महिन्यात लिंकन यांनी उत्तर लिहून त्यांच्या धैर्याचा गौरव केला.

त्याच टंचाईने मुंबईत रुईचे भाव गगनाला भिडले. १८६५ मध्ये युद्ध संपताच ते कोसळले आणि अनेक पेढ्या बुडाल्या. वऱ्हाडच्या कापसाकडे मात्र मँचेस्टरचे लक्ष कायम राहिले. १८७० मध्ये सुरू झालेला जलंब ते खामगाव हा लोहमार्ग त्या कापसासाठीच टाकला गेला.

लिव्हरपूल रोडवरील मालवाहतूक १९७५ मध्ये थांबली. १९८३ पासून ही जागा विज्ञान व उद्योगाचे संग्रहालय म्हणून जपली गेली आहे. आलेला माल कोणाच्या श्रमाचा, हा प्रश्न मँचेस्टरच्या कामगारांनी घरची चूल विझली असताना विचारला. भरल्या वखारीच्या धन्याला तो विचारणे त्याहून सोपे आहे.